साहेबाचे चमचे

आमच्या घरातलं प्रत्येक भांडं साक्षर आहे. कोणाचं, कोणाला, कशासाठी आणि कधी, एवढा मजकूर अंगावर गोंदवून घेतल्याशिवाय एकही पातेलं आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. रोज ज्यात दूध तापतं त्या पातेल्यावर ‘चि. बाळूच्या मुंजीप्रीत्यर्थ मामाकडून, १२-५-६८’ असं आहे. हा बाळू म्हणजे माझा नवरा. मुंजीत घेरा ठेवल्यावर त्याच्या डोक्यावर जेवढे केस उरले होते, साधारण तेवढेच आता आहेत. पातेल्याला मात्र अजून पोचासुद्धा आलेला नाही.

माझ्या माहेरी, अलिबागेला, भांड्यांच्या दुकानात नाव घालायचे अक्षरामागे पैसे घेत. त्यामुळे मजकूर तारेच्या भाषेत असायचा. त्यातून सुई धरणारा पोऱ्या शाळा सोडून आलेला. आत्याच्या लग्नातल्या एका वाटीवर त्याच्याकडून ‘सप्रेम भेट’मधला ‘प्रे’ राहिला आणि ‘सम भेट’ एवढंच उरलं. आत्याच्या सासूनं वाटी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “कळलं हो. आम्ही वाटी दिली म्हणून तुम्हीही वाटीच दिलीत, हे लिहून दाखवायची काय गरज होती?” हे प्रकरण दोन दिवाळ्या पुरलं.

हे नाव घालणं म्हणजे हौस नव्हे, तो मालकीचा सातबारा. पंगतीत, चाळीत, हळदीकुंकवाला भांडी घरोघर फिरत आणि नाव पाहून माघारी येत. तीही रिकामी नाही. माघारी देताना तळाशी चार लाडू नाहीतर निदान चिमूटभर साखर घालायची. इतक्या पत्त्यानिशी जगणाऱ्या वस्तूला निवृत्ती नसते. हे मला ठाऊक होतं. माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं, कारण तो स्वतः नुकताच निवृत्त झाला होता.

सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात फायली सापडत नाहीत, म्हणून तो खण उघडू लागतो. आधी त्यानं माझा मसाल्याचा डबा वर्णानुक्रमे लावला. (हळद शेवटी गेली. फोडणीत ती पहिल्या दोनांत लागते.) मग पेटी शिकला, ते शेजाऱ्यांनी थांबवलं. आणि एके दिवशी फोनवर कुठला तरी व्हिडिओ पाहून तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. त्या व्हिडिओत एक गोरी बाई जुन्या काट्याचमच्यांना वाकवून, ठोकून, भोकं पाडून त्यांची फुलं, खुंट्या, घड्याळं आणि वाऱ्यावर वाजणारी झुंबरं करत होती. नवऱ्यानं विचारलं, “आपल्याकडे जुने चमचे किती आहेत?”

माझ्या पिढीच्या मनावर ‘टाकाऊतून टिकाऊ’चे संस्कार शाळेतच झालेले आहेत. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही काड्यापेट्यांचे सोफासेट आणि बल्बांची बदकं केलेली आहेत. ती टिकाऊ तर नव्हतीच, पण टाकाऊ तरी होतीच असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, कारण त्या काड्यापेट्या आई चुलीजवळ शोधत असायची. पुढे रुखवतात नारळाचे नवरानवरी आणि सुपारीचे भटजी हे त्याच घराण्यातले. पण एक फरक होता. रुखवत दुसऱ्याच्या घरी जातं. चमच्याचं झुंबर आपल्याच घरात राहतं आणि आपल्याच डोक्याला लागतं.

आता चमचे. आमच्याकडे स्टीलचे चमचे होते, त्यांतले काही सत्यनारायणाला मिळालेले, काही संक्रांतीच्या वाणातले, आणि दोन एका उपाहारगृहाचं नाव छापलेले. ते आमच्याकडे कसे आले याविषयी कुटुंबात मौन पाळलं जातं. आणि या सगळ्यांवर, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लाल फलाटीनमध्ये गुंडाळलेला ‘साहेबाचा सेट’ होता.

या सेटची कथा मला लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सांगण्यात आली, आणि नंतर दर दिवाळीत. माझे आजेसासरे भुसावळला जी.आय.पी. रेल्वेत कारकून होते. १९४७ साली त्यांचा साहेब चंबूगबाळं आवरून विलायतेला निघाला तेव्हा त्यानं आजेसासऱ्यांना बंगल्यावर बोलावलं, त्यांच्या कामाची तारीफ केली आणि आपला खासगी चांदीचा सेट त्यांच्या हवाली केला. सहा काटे, सहा सुऱ्या, चोवीस चमचे. चांदी, तीही खासगी, कारण प्रत्येक नगाच्या मागे साहेबाची आद्याक्षरं: ई. पी. एन. एस. साहेबाचं नाव होतं स्मिथ. पुढचं आजेसासऱ्यांनी लावून दिलं होतं: एडवर्ड पर्सी नॉर्मन स्मिथ. त्या सेटनं आमच्या घरात कोणी कधी जेवलं नाही. काटा सुरीशिवाय धरायचा की सुरीसकट, याबद्दल मतभेद होते, आणि वरणभाताला दोन्ही निरुपयोगी. चमचे तेवढे कधीतरी गुळांब्याला निघायचे. पण दर दिवाळीला सासूबाई तो सेट खाली काढून चिंचेनं आणि रांगोळीनं घासायच्या. १९५८ साली त्या या घरात आल्या. म्हणजे त्यांनी एडवर्ड पर्सी नॉर्मन स्मिथला साठ वर्षांहून अधिक काळ घासलेला आहे.

नवऱ्याची नजर त्या ट्रंकेवर गेली, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, “बाळू, चांदीला हात लावायचा नाही.” नवरा म्हणाला, “हात नाही लावत, आधी किती आहे ते तर पाहू.” म्हणून आम्ही तिघं एक चमचा आणि एक काटा रुमालात बांधून डोंबिवली स्टेशनजवळच्या सराफाकडे गेलो.

सराफानं चमचा हातात घेतला, उलटा केला, भिंग लावलं. चमच्याच्या पोटाशी पिवळट झाक होती. आम्ही ती जुन्या चांदीची शान समजत होतो. सराफ म्हातारा होता, सभ्य होता. त्यानं चमचा परत रुमालावर ठेवला आणि म्हणाला, “इलेक्ट्रो प्लेटेड निकेल सिल्व्हर.”

सासूबाईंनी विचारलं, “हे साहेबाचं नाव?”

“नाही हो आजी. हे चमच्याचं नाव.”

त्यानं मग खुर्ची ओढून सगळं समजावून सांगितलं. निकेल सिल्व्हर म्हणजे आपण जिला जर्मन सिल्व्हर म्हणतो ती. तिच्यात चांदी औषधालाही नसते. साठ टक्क्यांच्या आसपास तांबं, बाकी निकेल आणि जस्त. म्हणजे पितळेच्याच घरातली, पण निकेलमुळे गोरी निघालेली मुलगी. मुळात हा मिश्रधातू चीनचा. तिथून युरोपात त्याची भांडी येत, म्हणून जर्मनांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची नक्कल केली. मग इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन नावाच्या दोघा चुलतभावांनी १८४० साली पेटंट घेतलं: विजेच्या साहाय्यानं कुठल्याही धातूवर चांदीचा पातळ मुलामा चढवायचा. त्यामुळे मध्यमवर्गीय इंग्रजाच्या टेबलावरही लॉर्डाच्या टेबलासारखं चकाकू लागलं. त्या मुलाम्यासाठी सायनाइडचं द्रावण लागतं, हेही सराफानं उत्साहाच्या भरात सांगितलं. त्यावर सासूबाई एकदम सरळ बसल्या. “सायनाइड? आणि ह्यानं मी पोरांना गुळांबा भरवलाय?” सायनाइड चमच्याला चिकटून राहत नाही, हे त्यांना पटवण्यात सराफाची बोहनीची वेळ गेली.

मूळ चीनचा, नक्कल जर्मनीची, मुलामा इंग्लंडचा आणि घासला डोंबिवलीत. जो काय पातळ थर होता तो सासूबाईंच्या रांगोळीनं दिवाळीगणिक निघून मोरीवाटे उल्हास नदीच्या खाडीला मिळालेला होता. आता उरला होता तो पिवळट पितळभाऊ.

परतताना रिक्षात कोणी बोललं नाही. मग पुलावर सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे स्मिथ नव्हताच?” नवरा म्हणाला, “स्मिथ असेल गं. पण पर्सी आणि नॉर्मन नसावेत.” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “तरीच तो एवढ्या घाईनं गेला.”

चांदी नाही म्हटल्यावर नवऱ्याला रान मोकळं झालं. खरं तर आमच्याकडे खरी चांदी होती, पण अगदी थोडी: निरांजन, करंडा आणि नवऱ्याच्या उष्टावणाची वाटी आणि चमचा. उष्टावणाच्या चमच्याकडे त्यानं एकदाच पाहिलं. सासूबाईंनी तो चमचा कमरेला खोचला आणि तीन दिवस तसाच ठेवला. पुढे डोंबिवलीतल्या फॅक्टऱ्यांच्या हवेनं तो काळा पडला तेव्हा मात्र नवऱ्यानं आपली विद्या दाखवली. हवेतल्या गंधकानं चांदीवर काळी पुटं चढतात. ती घासायची नाहीत. पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरायची, त्यावर चांदी ठेवायची, खाण्याचा सोडा घालून कढत पाणी ओतायचं. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमला धरतो, चांदी न झिजता पांढरी होते. पाण्याला सडक्या अंड्याचा वास सुटला आणि चमचा उजळून निघाला. सासूबाईंनी तो घेतला, निरखला, आणि नंतर खबरदारी म्हणून रांगोळीनं घासला.

आता भोकं पाडण्याविषयी. साहेबाचे चमचे मऊ निघाले. ड्रिलनं निमूटपणे भोक पडू देत. स्टीलचे चमचे वेगळ्या मुशीतले. हॅरी ब्रेअर्ली नावाच्या माणसानं शेफील्डला १९१३ साली न गंजणारं पोलाद केलं, ते बंदुकीच्या नळ्या टिकाव्यात या खटपटीतून. आपल्याकडचे चांगले वाटीचमचे होतात त्या स्टीलमध्ये क्रोमियम अठरा टक्के आणि निकेल आठ टक्के. या स्टीलचा स्वभाव असा की भरभर भोक पाडायला गेलं तर रगडून ते त्या जागी आणखी कडक होतं. हळू फिरवायचं, तेल सोडायचं, दाबून धरायचं. आमच्या घरात हा स्वभाव नवा नव्हता. सासूबाईंशी बोलताना मी चाळीस वर्षं हेच करत आले आहे. नवऱ्यानं मात्र घाई केली. दोन ड्रिलची टोकं मोडली आणि त्या किंचाळण्यानं तिसऱ्या मजल्यापासून वॉचमनच्या खोलीपर्यंत सगळ्यांची दुपारची झोप मोडली. सोसायटीच्या फलकावर ‘दुपारी २ ते ४ चमचे कोरू नयेत’ अशी सूचना लागली. क्रियापद नेमकं कोणाला सुचलं ते कळलं नाही.

पहिलं अपत्य वाजणारं झुंबर. जुन्या पितळी कड्याला नायलॉनच्या दोऱ्या बांधून साहेबाचे चोवीस चमचे दोन थरांत टांगलेले. त्यासाठी वरच्या थरातल्या चमच्यांना दांडीलाही भोक आणि पसरट टोकालाही भोक. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. बाल्कनीत ते लावलं आणि आम्ही वाऱ्याची वाट पाहिली. वारा आला. आवाज मात्र देवळातल्या घंटांचा नव्हे, खानावळीच्या मोरीचा आला. भाचा इंजिनियर आहे. तो म्हणाला, मामा, झुंबराला नळ्या लागतात, आणि नळी टोकाला टांगत नाहीत. वाजताना तिची जी जागा हलत नाही तिथे धरायचं, म्हणजे टोकापासून लांबीच्या बावीस टक्क्यांवर, तर नाद टिकतो. चमच्याचा आकारच असा वेडावाकडा की त्याला नाद कुठून असणार. नवऱ्यानं हा सल्ला कचेरीतल्यासारखा ‘नोंद घेतली’ म्हणून बाजूला ठेवला. रात्री दीड वाजता वाऱ्याची झुळूक आली की आमच्याकडे पंगत उठायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात हळूच विचारलं, “अगं, तुमच्याकडे कोणाला साखरेचा त्रास आहे का? रात्री अपरात्री खाता, म्हणून विचारलं.”

मग काट्यांच्या खुंट्या झाल्या. काटा मधोमध वाकवून भिंतीत ठोकायचा, किल्ल्या त्याच्या दातांना अडकवायच्या. किल्ल्यांपेक्षा माझे पदरच जास्त अडकले. किसणीचा दिवा झाला. हा मला खरंच आवडला, हे कबूल केलं पाहिजे. जुनी पत्र्याची चौकोनी किसणी, आत पिवळा बल्ब. रात्री लावला की भिंतभर प्रकाशाचे ठिपके. सासूबाई म्हणाल्या, “भिंतीला गोवर आलाय.” पण त्याही रात्री तो दिवा लावून ठेवू लागल्या. आणि बारा स्टीलच्या चमच्यांचं घड्याळ झालं. सहाव्या क्रमांकाचा चमचा चहापुडीच्या बरोबर मापाचा होता, असं सासूबाईंच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घड्याळात सहा वाजत नाहीत.

सासूबाईंचा मूळ आक्षेप सौंदर्याला नव्हता. “चमचा भिंतीवर काय करतोय?” एवढाच त्यांचा प्रश्न. नवऱ्यानं त्यांना फोनवर सुबोध गुप्तांची शिल्पं दाखवली. हे बिहारमधल्या खगौलचे कलावंत. स्टीलची पातेली, डबे, ताटं जोडून मोठमोठी शिल्पं करतात. २००६ सालचं त्यांचं ‘व्हेरी हंग्री गॉड’ हे शिल्प म्हणजे नुसत्या भांड्यांची प्रचंड कवटी. ती व्हेनिसमध्ये कालव्याच्या काठी मांडली होती, लोक होड्यांतून पाहत जात होते. नवरा म्हणाला, “आई, बघ, जगभर याला कला म्हणतात.” सासूबाईंनी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. “घासली कोणी?” त्यांनी विचारलं.

मग नवऱ्यानं पुण्याचं राजा केळकर संग्रहालय काढलं. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करत. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून लोकांच्या घरातले अडकित्ते, दिवे, दौती, पानाचे डबे, भांडी गोळा केली आणि त्या सगळ्या संसाराला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. सासूबाईंनी हे मात्र ऐकून घेतलं. “म्हणजे त्यांनीसुद्धा नावच घातलं,” त्या म्हणाल्या आणि वाती वळायला बसल्या. त्या दिवशी त्यांनी काट्याच्या खुंटीला आपली जपमाळ अडकवली.

माझं स्वतःचं या बाबतीत तोंड बंद होतं, कारण माझ्या आईनं केलेलं पाप मला आठवत होतं. १९७४ साली तिनं घरातली घंगाळं, हंडे, तपेली आणि पाणी तापवायचा बंब मोडीत घातला आणि स्टीलचा डबल डिनर सेट घेतला. मोड वजनावर. आजीच्या लग्नातल्या घंगाळाची किंमत तराजूनं ठरली. तिला दोष देता येत नाही. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की ताक, आमटी काहीही कळकायचं. कल्हईवाला महिन्या दोन महिन्यांनी यायचा, अंगणात भाता मांडायचा, नवसागराचा धूर करून तापल्या भांड्यात कथलाची कांडी फिरवायचा, आणि कापसानं पुसलं की काळं तपेलं एका क्षणात आरशासारखं व्हायचं. आम्हां पोरांना ती जादू वाटे. आईला तो खर्च वाटे. स्टीलला कल्हई नाही, चिंच नाही, कळकणं नाही. शिवाय बोहारीण आली की जुन्या कपड्यांवर स्टीलच मिळायचं. माझ्या वडिलांची एक चांगली टेरिलिनची पँट एका डावापायी गेली. आई त्या डावानं वाढत असताना त्यांनी प्रत्येक वेळी त्या पँटची आठवण काढली.

आणि आता? माझी भाची पुण्यात फ्लॅट सजवते आहे. तिनं जुन्या बाजारातून एक पितळी घंगाळ आणलं. त्यात पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि तरंगत्या पणत्या. दाखवताना म्हणाली, “मावशी, अँटिक आहे.” मी हात लावून पाहिला. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोण्या कृष्णाबाईचं नाव होतं, आडनाव घासून गेलेलं. तिची आंघोळ झाली असेल त्यात हजारो वेळा. आमच्या आईनं किलोनं विकलेलं आम्ही तासभर घासाघीस करून नगावर विकत घेतो. कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून मठारकामाची ठोकठोक ऐकू येते, पण तिथून घरी न्यायला बंब कोण मागणार? दिव्यांच्या टोप्या आणि फुलदाण्या मागतात. तांबटालाही पोट आहे.

असो. माझी खरी गोष्ट गौरींची आहे.

गौरी जेवायच्या दिवशी आमच्याकडे बावीस पानं होती. पुरण, सोळा भाज्या, पंचामृत, खीर. पहिली पंगत बसली, वाट्या मांडल्या आणि चमचे मोजायला घेतले तर कामावर हजर चमचे फक्त अकरा. बाकीचे सगळे नवऱ्याच्या भाषेत प्रतिनियुक्तीवर. घड्याळात अकरा (सहावा आधीच स्वगृही परतलेला), एका फोटोच्या चौकटीभोवती आठ, झुंबरात चोवीस. मी शेजारून आणते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, “घरात एवढे चमचे लोंबत असताना शेजारी मागायचे? कात्री आण.”

त्या स्वतः बाल्कनीत गेल्या. स्टुलावर चढायला निघाल्या, ते मी चढले. त्या खालून सांगत होत्या, “तो डावीकडचा काप. तो नको, त्याला डाग आहे.” नवरा आतून ओरडत होता, “आई, समतोल जाईल!” समतोल गेलाच. आठ चमचे एका बाजूनं कापल्यावर झुंबर लग्नातल्या रुसलेल्या विहिणीसारखं कलंडून लटकत राहिलं. चमचे कढत पाण्यातून काढले आणि खिरीला लावले.

आणि तेव्हा ते दुसरं भोक उगवलं. वरच्या थरातल्या चमच्यांना पसरट टोकाला जे भोक होतं त्यातून गव्हल्यांची खीर बारीक धारेनं परत वाटीत पडू लागली. नणंदेच्या सासऱ्यांनी तीन घास तोंडापर्यंत नेले आणि तिन्ही वेळा चमचा रिकामा गेला. ते सज्जन गृहस्थ. आपलाच हात थरथरतोय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली. त्यांच्या नातवाच्या मात्र लक्षात आलं. त्यानं चमचा डोळ्याला लावून भोकातून गौरी पाहिल्या आणि मग सगळ्या पोरांना तोच चमचा हवा झाला. एका पाहुण्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “हे वजन कमी करायचं नवीन आहे का?”

सासूबाई त्या दिवशी खूश होत्या. सत्याहत्तर वर्षं फलाटीनमध्ये झोपलेले चमचे एकदाचे पंगतीला बसले होते, मग त्यांना भोक का असेना. काट्यांना मात्र कोणी बोलावलं नाही. ते भिंतीत होते तिथेच राहिले, जपमाळ सांभाळत.

विसर्जनानंतर नवऱ्यानं काही न बोलता आठही चमचे पुन्हा बांधले. या वेळी दोऱ्यांना हूक लावले, म्हणजे लागले की काढता येतील, पुन्हा अडकवता येतील. कचेरीत याला ‘सोयीनुसार प्रत्यावर्तन’ म्हणतात म्हणे. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. नवऱ्यानं गेल्या महिन्यात भांड्यांवर नावं घालायचं छोटं विजेचं यंत्र आणलं आहे, चमच्यांच्या फुलांवर नक्षी काढायला. ते टेबलावर होतं.

“बाळू,” त्या म्हणाल्या, “एवढा सेट घरात आहे, पण कोणी दिला ते कुठे लिहिलेलंच नाही.”

“लिहिलंय ना आई. ई. पी. एन. एस.”

“ते चमच्याचं नाव. देणाऱ्याचं नाही.” त्यांनी पितळी कड्यावर बोट ठेवलं. “इथे घाल. ‘स्मिथसाहेबांजकडून सप्रेम भेट.’ नाहीतर उद्या कोणी म्हणेल, उचलून आणलाय.”

“साल घालू?”

“सत्तेचाळीस घाल.”

“इंग्रजीत की मराठीत?”

“मराठीत. आणि ‘प्रे’ विसरू नकोस.”